घरच्या डेमोला मसाले कोणते ठेवावेत, आणि चोळून किती वेळ मुरवावेत?

साताऱ्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. दिवाळीनंतर त्या घरीच स्वयंपाकाचे डेमो सुरू करताहेत. एका वेळी दहा-बारा जणी, दोन तास, तीन-चार पदार्थ. तयारी म्हणून त्यांनी तयार मसाल्यांची बरीच पाकिटं आणून ठेवली आहेत: चिकन मसाला, मटण मसाला, तंदुरी, पेरी-पेरी, शिवाय भाच्याने अमेरिकेहून आणलेला बार्बेक्यूचा कोरडा रब, म्हणजे मांसाला चोळायचा तयार मसाला. त्या विचारतात, यातले ठेवायचे कोणते? घरचा कांदा-लसूण मसाला दाखवला तर बायका ‘हे तर आमच्याकडे रोजच असतं’ म्हणतील का? आणि चिकन, पनीर, वांगी यांना मसाला चोळून किती वेळ ठेवायचा?

ताई, मी सांगलीत बरीच वर्षं स्वयंपाकाचे वर्ग घेते. आधी उत्तर सांगते, मग कारणं. एका डेमोला ओट्यावर चारच गोष्टी ठेवा: मीठ, हळद, एक तिखट आणि एक कुटलेला मसाला. आलं-लसूण, दही, लिंबू हे ओलं सामान वेगळं. बाकीची पाकिटं कपाटात जाऊ द्यात, त्यांचं काय करायचं ते शेवटी सांगते.

कारण असं की डेमोला आलेली बाई चव घेऊन घरी जात नाही, कृती घेऊन जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या ओट्यावर तिला तेच जमलं पाहिजे, तिच्या गल्लीतल्या किराणा दुकानात मिळतं त्या सामानात. दहा मसाले समोर मांडले की त्यातल्या कुणी काय केलं हे तिला कळत नाही. ती फक्त पाकिटाचं नाव लिहून घेते. म्हणून प्रत्येक मसाल्याला मी एकच कसोटी लावते: हा घातला नाही तर पदार्थात काय कमी पडेल, हे मला समोर करून दाखवता येतं का? येत असेल तर तो ओट्यावर, नसेल तर नाही.

सुरुवात मिठापासून करा. मीठ हा मसाला नाही असं धरून आपण त्याकडे बघतच नाही, आणि घरोघरी चोळलेल्या चिकनची चव जाते ती बहुतेक वेळा मिठामुळेच. मसाला चोळून रात्रभर ठेवला की तो आतपर्यंत मुरतो असं सगळ्याच समजतात. खरं तर मांसाच्या आत खोलवर जातं ते मीठ. मिरची, हळद, धणे, गरम मसाला हे पृष्ठभागावरच राहतात, फार तर थोडेसे आत. मीठ आधी आतलं पाणी बाहेर ओढतं, त्या पाण्यात विरघळतं आणि मग त्याच पाण्याबरोबर हळूहळू आत शिरतं. त्यामुळे मिठाला वेळ लागतो, मसाल्याला चिरा लागतात. तंगडीला हाडापर्यंत दोन-तीन चिरा का देतात, ते इथे बायकांना दाखवून द्या. चीर दिली की मसाल्याला बसायला जागा वाढते.

प्रमाण लिहून द्या, ‘चवीपुरतं’ नको. एक किलो चिकनला दहा ते बारा ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट केलेले दोन लहान चमचे. हे प्रमाण चोळायच्या सगळ्या पदार्थांना चालतं, पनीरला थोडं कमी. आणि आता महत्त्वाचं. तयार मसाल्यात आणि आपल्या कांदा-लसूण मसाल्यातही मीठ असतंच. तीन मोठे चमचे कांदा-लसूण मसाला घातला की साधारण अर्धा लहान चमचा मीठ त्यात येऊन गेलेलं असतं. तेवढं दोन चमच्यांतून वजा करायचं. डेमोत पदार्थ खारट होतो तो इथेच, कारण बोलण्याच्या नादात वरून पुन्हा मीठ पडतं.

तुमच्याकडची पाकिटं उलटी करून मागची बाजू वाचा. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे पाकिटावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. सगळ्यात जास्त जे आहे ते पहिलं. ज्या पाकिटावर मीठ पहिलं किंवा दुसरं आहे, तिथे तुम्ही मसाल्याच्या भावाने मीठ घेताय. ज्यावर धणे, मिरची, जिरे आधी येतात आणि मीठ मागे आहे, तो मसाला कामाचा. हे वाचन बायकांसमोर करा. पाच मिनिटं जातात, पण आयुष्यभर उपयोगी पडतं.

मिठाचं काम दाखवायला चिकनपेक्षा वांगं चांगलं. स्वस्त, शाकाहारी, आणि डोळ्यांसमोर घडतं. कृष्णाकाठची वांगी आपल्याकडे मिळतात, त्यातलं एक मोठं घ्या. बोटाच्या पेराच्या निम्म्या जाडीचे काप करा. डेमो सुरू होतानाच निम्म्या कापांना मीठ लावून ताटात ठेवा, बाकीचे तसेच पाण्यात. वीस मिनिटांनी ताट सगळ्यांमध्ये फिरवा. प्रत्येक कापावर बारीक थेंब उभे राहिलेले दिसतात, काप वाकवला तर मोडत नाही, लवतो. तो फडक्यावर दाबून टिपायचा, मग तिखट-मसाल्यात तांदळाची पिठी आणि चिमूटभर रवा कालवून त्यात दोन्हीकडून दाबायचा आणि लगेच तव्यावर. दुसरा काप पाण्यातून काढून, पुसून, मीठ-मसाला एकदमच लावून टाकायचा. पहिला कमी तेलात कुरकुरीत होतो. दुसरा तेल पितो, आणि भाजताना सुटलेल्या पाण्यात त्याचा मसाला सैल होऊन तव्याला लागतो. मीठ आधी आणि मसाला आयत्या वेळी, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

हळदीबद्दल थोडक्यात. आपण सांगली-साताऱ्याकडचे लोक, हळद आपल्या दारातली. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपुरात कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हळद जमिनीखालच्या पेवात साठवायची जुनी पद्धत होती, 2005 च्या महापुरात त्यातली बरीच पेवं निकामी झाली. आलेल्या बायकांना हे जरूर सांगा, आपल्या भागाची गोष्ट त्यांना आवडते. पण ओट्यावर दोनच गोष्टी दाखवा. एक, हळदीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. म्हणून चोळायच्या मसाल्यात एक चमचा तेल हवंच, नाहीतर हळद आणि तिखट कोरडं राहून करपतं. दोन, किलोला अर्धा लहान चमचा पुरे. जास्त झाली की कडसर लागते आणि बाकीचं सगळं झाकते. आणि सोडा असलेल्या पिठात हळद घालताय तर नीट घोटून घ्या. सोड्याचा क्षार लागला की हळद लाल होते, म्हणून ढोकळ्यावर तांबडे ठिपके येतात. दरवेळी कुणीतरी हे विचारतंच.

तिखटावर मात्र वेळ द्या. आमच्याकडे वर्गाला येणाऱ्या बहुतेक जणी ‘लाल तिखट एक चमचा’ असं लिहून घेतात आणि घरी कुठल्यातरी मिरचीचं तिखट घालतात. मग एकीचा रस्सा फिका, दुसरीचा तोंड पोळणारा. मिरच्या तीन घ्या: ब्याडगी, संकेश्वरी आणि लवंगी. पुडी आणू नका, अख्ख्या आणा. ब्याडगी कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावच्या नावाची, 2011 साली मानांकन मिळालेली. सालीला सुरकुत्या, रंग गडद, तिखटपणा कमी. तिच्यातही डब्बी आणि कड्डी असे दोन प्रकार. डब्बी आखूड, फुगीर, बियांनी भरलेली, आणि रंगाला-स्वादाला जास्त मानाची. कड्डी लांब आणि बारीक. संकेश्वरी लांब, सडपातळ, रंग आणि तिखट दोन्ही देणारी. लवंगी लहान, टोकदार आणि जहाल, ती फक्त झणझणीतपणासाठी.

तीन छोट्या वाट्यांत दोन-दोन चमचे तेल घ्या. तेल तापवून गॅस बंद केल्यावर मिनिटभर थांबून मगच वाट्यांत ओता, नाहीतर तिखट काळं पडतं. प्रत्येकीत एकेका मिरचीचं अर्धा चमचा तिखट. ब्याडगीच्या वाटीतलं तेल बघता बघता लालभडक होतं, लवंगीचं त्या मानाने फिकंच राहतं. चौथ्या वाटीत नुसतं पाणी आणि ब्याडगी. तिखट वर तरंगत राहतं, पाणी जेमतेम गुलाबी होतं. रश्श्यावर तवंग का येतो, आणि कमी तेलात केलेल्या आमटीला रंग का चढत नाही, हे त्या चार वाट्यांत आहे. मिरचीचा रंगही तेलात विरघळतो आणि तिखटपणाही. म्हणूनच तोंड भाजलं की पाण्याने भागत नाही. दही किंवा ताक द्यायचं, दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश तिखट धुऊन नेतात.

डेमोच्या पदार्थांसाठी मी तीन भाग ब्याडगी आणि एक भाग संकेश्वरी असं एकच तिखट करून ठेवते. लवंगी बाजूला वाटीत, ज्यांना हवी त्यांना. सगळ्यांसाठी एकदमच तिखटजाळ केलं तर निम्म्या जणींना बाकीची कुठलीच चव कळत नाही. माणदेशातल्या बायकांना ते सौम्य वाटेल, वाटू द्यात. डेमोत चव ओळखता आली पाहिजे.

आता कांदा-लसूण मसाला, म्हणजे तुमचा खरा प्रश्न. रोजचाच आहे म्हणून तो वगळू नका. रोजचा आहे म्हणूनच तो ठेवा. आपल्याकडच्या बहुतेक बायका हा मसाला उन्हाळ्यात सासूच्या किंवा आईच्या हाताखाली करतात. मिरच्या वाळवतात, निवडतात, डंकावर कुटून आणतात, पण त्यातल्या कुठल्या जिन्नसाचं काय काम हे कुणी सांगितलेलं नसतं. प्रमाण चुकलं तर दुरुस्त कसं करायचं हे माहीत नसतं, कारण वर्षभराचा मसाला एकदाच होतो. लहान घाण्यावर हे समोर दाखवणारं कुणी भेटलं तर बायका जवळ येऊन बघतात.

मोठा घाणा डेमोत होत नाही. पाव किलो मिरचीचा करा. माझं प्रमाण असं: मिरची 250 ग्रॅम (ब्याडगी 150, संकेश्वरी 75, लवंगी 25), सुकं खोबरं 125 ग्रॅम, कांदे 250 ग्रॅम उभे चिरून उन्हात दोन दिवस वाळवलेले, लसूण 75 ग्रॅम, धणे 75 ग्रॅम, जिरे 25, तीळ 25, खसखस 15, मीठ 75 ग्रॅम, आलं बोटभर, मूठभर कोथिंबीर धुऊन अगदी कोरडी केलेली, हळकुंडाचा छोटा तुकडा आणि खड्या हिंगाचा वाटाण्याएवढा खडा. गरम मसाल्यात दालचिनी, लवंग, मिरी, तमालपत्र, मसाला वेलची, दगडफूल, चक्रीफूल, नागकेशर, जायपत्री, बडीशेप, हे सगळं मिळून 25 ते 30 ग्रॅम. साताऱ्याचं आलं वासाला जोरदार असतं, म्हणून बोटभर म्हटलंय; जास्त घातलं तर तेच पुढे येतं. घरोघरी हे प्रमाण बदलतं आणि बदलू द्यावं. कुणाच्या घरी खोबरं दुप्पट, कुणाकडे आलं अजिबात नाही.

मिरच्या आदल्या दिवशीच, खिडक्या उघडून, थोड्या तेलावर परतून ठेवा. दहा-बारा जणी बसलेल्या खोलीत मिरची परतायची नाही, हे मी अगदी बजावून सांगते. तिखट धुरात उडतं, सगळ्यांना ठसका लागतो, आणि दम्याची एखादी बाई असेल तर भलतंच होऊन बसतं. समोर परतायचे ते धणे, तीळ, खोबरं आणि गरम मसाला. हिंगाचा खडा आणि हळकुंड तेलात तळून फुलवून दाखवा.

धण्यांपासून सुरू करा, जाड बुडाच्या कढईत, मंद आचेवर, कोरडेच. कच्च्या धण्याला गवतासारखा वास असतो. दोन-तीन मिनिटांनी तो जातो आणि गोडसर खमंग वास येतो, रंग मात्र जेमतेम एक छटा बदललेला असतो. नवखी बाई रंगाची वाट बघते आणि धणे जळतात. एक दाणा काढून गार करा आणि चावायला द्या. दाताखाली कट्कन फुटला की झाले. चिवट लागला तर अजून मिनिटभर. ही कढई सगळ्यांच्या नाकाखालून फिरवा, एकदा सुरुवातीला आणि एकदा धणे झाल्यावर. तीळ तडतडले की लगेच उतरवायचे. खसखस सगळ्यात शेवटी, गरम कढईत, गॅस बंद करून. खोबरं वेगळं, कारण त्याचं तेल सुटतं आणि बाकीचं त्यात भिजतं. लवंग, मिरी, दालचिनीला तेलाचा एक थेंब. दगडफूल त्याच तेलात टाकलं की फुलून हलकं होतं. कच्चं दगडफूल मातकट लागतं, फुललेलं दगडफूल मसाल्याला बूड देतं. सगळं एकाच कढईत एकाच वेळी टाकलं तर खसखस जळून धणे कच्चे राहतात, मसाल्यात कडवटपणा येतो आणि दोष मिरचीला दिला जातो.

मिक्सरमध्ये सलग फिरवू नका. भांडं तापतं आणि ज्या तेलांसाठी एवढं परतलं ती वासाबरोबर उडून जातात. थांबून थांबून, चार-पाच फेऱ्यांत वाटा. घरात खलबत्ता असेल तर निदान लवंग-दालचिनी त्यात कुटा. डंकाचा मसाला वेगळा लागतो तो याच कारणाने, तिथे मसाला कुटला जातो आणि फार तापत नाही. कांदा-लसूण मात्र तेलात पूर्ण तांबूस, कोरडे होईपर्यंत तळा. ओल राहिली की मसाल्याला बुरशी येते. मीठ एवढं का घालतात त्याचंही उत्तर तेच: चव आणि टिकणं दोन्ही.

मसाला चाखायला द्यायचा तो बोटावर नाही. गरम मोकळा भात, त्यावर तेलाचे दोन थेंब, त्यावर चिमूटभर मसाला. कोरडी पूड जिभेवर नुसती तिखट लागते, भातावर तेलाबरोबर तिचा स्वाद उलगडतो. एका बैठकीत तीन किंवा चार चवींच्या पुढे जाऊ नका. त्यानंतर जीभ तिखटाला सरावते आणि पाचवा मसाला कितीही चांगला असला तरी कळत नाही.

आणि त्याच मसाल्याचा एक रस्सा करा. कोरेगावचा वाघ्या घेवडा रात्री भिजवून, सकाळी फक्त हळद-मीठ घालून शिजवा. डेमोत आधी त्याचं अळणी, म्हणजे मसाला न घातलेलं पाणी, एकेका वाटीत चाखायला द्या. मग समोर फोडणी, मसाला, दोन उकळ्या आणि पुन्हा वाटी. मटणाला आपण हेच करतो: आधी हळद-मिठात शिजवून अळणी काढायचं, मसाला नंतर. पहिली वाटी प्यायल्यामुळे दुसऱ्या वाटीत मसाल्याने काय केलं ते कुणाला सांगावं लागत नाही. मला हा डेमोतला सगळ्यात चांगला भाग वाटतो, त्याला घाई करू नका.

आता चोळण्याचा वेळ. चिकनच्या तुकड्यांना मीठ दोन तास आधी, थोडं आलं-लसूण लावून, फ्रिजमध्ये. मसाला आणि तेल अर्धा तास आधी. दही लावायचं असेल तर फडक्यात टांगून पाणी काढलेलं, नाहीतर तव्यावर चिकन भाजत नाही, शिजत बसतं. पनीरला पंधरा-वीस मिनिटं भरपूर झाली, त्यात काही शिरत नाही, मसाला वर चिकटला की काम झालं. चिकटण्यासाठी कोरडं भाजलेलं बेसन एक चमचा. माशाला पंधरा ते वीस मिनिटं. लिंबू लावून तासभर ठेवलं तर मासा शिजल्यासारखा पांढरा आणि कोरडा पडतो. मटण भाजायचं असेल तर किलोला एक मोठा चमचा कच्च्या पपईचा कीस, सालासकट, तासभर. जास्त ठेवलं की पपईतलं पपेन वरचा थर लगदा करून टाकतं. ताज्या आल्यातही मांस मऊ करणारं असंच द्रव्य आहे, त्यामुळे पपई आणि भरपूर आलं दोन्ही नको. आणि वाटलेला कच्चा लसूण थापून मोठ्या आचेवर टाकला तर तो मांस शिजायच्या आधी जळतो. तव्यावर ठेवण्यापूर्वी बोटाने निपटून काढा, स्वाद लागलेला असतोच.

कच्च्या चिकनचं भांडं, चमचा आणि हात वेगळे. फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त नाही, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात एक तासच. उरलेला कच्चा मसाला चटणीत ढकलायचा नाही. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर तुकड्याच्या मध्यात 74 अंश सेल्सिअस झालं की चिकन शिजलं. नसेल तर हाडाजवळ चीर देऊन बघा, आतलं मांस कुठेही गुलाबी राहायला नको.

बार्बेक्यू रबबद्दल. तो वाईट नाही, पण तो आपल्या चुलीसाठी केलेला नाही. अमेरिकेत त्या पद्धतीचं मांस बंद भांड्यात, धुरावर, साधारण 110 अंशांच्या आसपास कित्येक तास शिजवतात. म्हणून त्यात तपकिरी साखर भरपूर असते. तेवढ्या उष्णतेला साखर जळत नाही, मांसावर चकाकी आणि कवच धरते. आपला तवा सहज 200 अंशांच्या पुढे जातो आणि साखर त्याच्या बऱ्याच आधी करपायला लागते. तोच रब तव्यावरच्या चिकनला लावला तर पाच मिनिटांत वरून काळं, आत कच्चं, आणि धूर. ओव्हन असेल तर कमी आचेवर झाकून करा, आणि शेवटची दहा मिनिटं उघडा ठेवा. त्याच धाटणीचा मसाला आपल्या सामानात करून दाखवायचा असेल तर गोड मिरचीच्या पुडीच्या जागी ब्याडगी घ्या, मिरी, जिरे, सुंठ, मीठ घ्या, आणि गूळ पावडर शेवटी, चिकन उतरायच्या दोन मिनिटं आधी, पाण्यात कालवून वरून लावा.

कोण येणार आहे ते आधी विचारा, आणि फोनवर नाही, लिहून घ्या. सांगली जिल्ह्यात जैन कुटुंबं पुष्कळ आहेत, साताऱ्यातही येतील. कांदा-लसूण नको, ओलं आलं नको, पण बहुतेक घरांत वाळलेली हळद आणि सुंठ चालते. त्यांच्यासाठी धणे, जिरे, तीळ, खोबरं, सुंठ आणि हिंग यांचा एक छोटा मसाला वेगळ्या डबीत, वेगळ्या चमच्याने. चातुर्मासात नियम कडक होतात, तेव्हा पुन्हा विचारा. गव्हाचं पथ्य असलेल्या बाईला डबीतलं हिंग चालेल असं धरू नका, बाजारच्या हिंगात पीठ मिसळलेलं असतं. तीळ आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असणारी माणसं असतात, आणि आपल्या मसाल्यात तीळ असले तरी वाटल्यावर दिसत नाहीत. श्रावणात आणि सोमवार, गुरुवार, शनिवारी मांसाहाराचा डेमो ठेवलात तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहतील.

घरी न्यायला काही द्यायचं असेल तर त्याच दिवशी केलेल्या मसाल्याची छोटी पुडी, वर नाव, तारीख आणि सगळे जिन्नस लिहून. लसूण तेलात बुडवून बाटलीत भरून देऊ नका. दिसायला छान दिसतं, पण हवा नसलेल्या तेलात कच्चा लसूण ठेवला की बोट्युलिझमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचा धोका असतो, आणि त्याला ना वास येतो ना चव बदलते. पुड्या विकायच्या ठरवल्या तर अन्न सुरक्षेची नोंदणी आधी करून घ्या, घरगुती उद्योगालाही ती लागते.

राहिली तुमची पाकिटं. टाकू नका. तंदुरी आणि चिकन मसाला तिसऱ्या-चौथ्या डेमोला काढा. तोवर तुमच्या बायका धणे कधी झाले हे वासावरून ओळखायला लागलेल्या असतील. तेव्हा पाकिटावरची यादी मोठ्याने वाचा, प्रत्येक जिन्नस कशासाठी घातलाय ते त्यांनाच सांगू द्यात, आणि ती यादी समोर ठेवून घरच्या डब्यांतून तोच मसाला बांधून बघा. फोडलेलं पाकीट कोरड्या, काळोख्या जागी ठेवा, गॅसशेजारच्या फळीवर नको. दळलेल्या मसाल्याचा वास आला की नाही हे दर महिन्याला हुंगून बघा. आला नाही तर तो डेमोला आणू नका. मिरची मात्र मार्च-एप्रिलमध्ये, नवा माल बाजारात आला की अख्खी घ्या आणि कडक ऊन देऊन डब्यात भरा. दिवाळीनंतरचा पहिला डेमो आहे, म्हणजे यंदा तुम्हाला साठवणीतलीच मिळेल. घेताना एक मिरची मोडून बघा: कट्कन मोडली आणि आतून लाल निघाली तर घ्या, लवली किंवा आत पांढरी बुरशी दिसली तर दुकान बदला.